ऑनलाइन सुरक्षेविषयीच्या आपल्या समजुती कशा तपासाव्यात आणि कशा दुरुस्त कराव्यात

संगणक किंवा स्मार्टफोन वापरणाऱ्या बहुतेकांना सुरक्षेचे नियम ऐकून ऐकून पाठ झालेले असतात. पासवर्ड अवघड ठेवावा, अनोळखी लिंक उघडू नये, अपडेट टाळू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये, हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. तरीही एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरात असतो आणि अपडेटची सूचना महिनोन्महिने पुढे ढकलली जाते. याला आळस किंवा बेफिकिरी म्हणून विषय संपवणे मला मान्य नाही. घरच्यांच्या आणि परिचितांच्या संगणकांच्या अडचणी सोडवताना मला वारंवार असे दिसले आहे की माणूस नियमांपेक्षा आपल्या मनातल्या चित्राप्रमाणे वागतो. चोर कोण आहे, त्याला काय हवे आहे आणि तो कोणत्या वाटेने येतो, याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात असते. त्या चित्रात जो नियम बसतो तो पाळला जातो आणि जो बसत नाही तो कितीही वेळा सांगितला तरी निसटतो. म्हणून पुढील रीतीत आधी ते चित्र कागदावर उतरवायचे आहे, मग त्यातल्या चुका शोधायच्या आहेत, आणि त्यानंतरच पासवर्ड, अपडेट वगैरे गोष्टींकडे वळायचे आहे.

तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि कोणालाही न विचारता, काहीही न शोधता, तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. माझ्या खात्यांवर किंवा संगणकावर हल्ला करणारा माणूस कसा असेल? त्याला माझ्याकडून नेमके काय हवे असेल? आणि तो आत कसा शिरेल? उत्तरे बरोबर असण्याची गरज नाही, ती प्रामाणिक असली म्हणजे पुरे. 'माझ्याकडे नेण्यासारखे काहीच नाही' असे मनात येत असेल तर तेही तसेच लिहा, कारण पुढच्या सगळ्या विवेचनात याच वाक्याचा सर्वांत जास्त उपयोग होणार आहे.

आता ही उत्तरे इतरांच्या उत्तरांशी ताडून पाहा. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे संशोधक रिक वॉश यांनी २०१० मध्ये घरगुती संगणक वापरणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्या मनात धोक्याची एकूण आठ चित्रे असल्याचे त्यांना आढळले, चार व्हायरसविषयी आणि चार हॅकरविषयी. व्हायरस म्हणजे केवळ 'काहीतरी वाईट' असे काहींना वाटत होते, तर काहींच्या मते तो बिघडलेला प्रोग्राम होता. काहींना तो खोडसाळपणा वाटत होता आणि काहींना गुन्हेगारीचे साधन. हॅकर म्हणजे कोणाच्या दृष्टीने भिंतीवर रेघोट्या ओढणारा उपद्व्यापी तरुण होता, कोणाच्या दृष्टीने दिसेल त्या घरात शिरणारा घरफोड्या, कोणाच्या दृष्टीने केवळ श्रीमंत आणि मोठ्या लोकांच्या मागे लागणारा गुन्हेगार, तर कोणाच्या दृष्टीने मोठ्या टोळ्यांना माल पुरवणारा कंत्राटी कारागीर.

या अभ्यासातील खरी मोलाची गोष्ट अशी की प्रत्येक चित्रातून वागण्याची एक रीत अगदी तर्कशुद्धपणे निघते. हॅकर फक्त मोठे मासे पकडतो असे ज्याला वाटते, तो स्वतःला लहान मासा समजून कोणतीही खबरदारी घेत नाही, आणि त्याच्या चित्रापुरते त्याचे वागणे चुकीचे नसते. व्हायरस म्हणजे संशयास्पद संकेतस्थळावरून चिकटणारी घाण असे ज्याच्या मनात आहे, तो 'मी तसल्या ठिकाणी जातच नाही' म्हणून निश्चिंत राहतो. व्हायरस आला की संगणक मंद होतो किंवा बंद पडतो असे मानणाऱ्याला संगणक नीट चालत असेपर्यंत शंकाच येत नाही. अशा माणसाला नियमांची आणखी एक यादी देऊन काही साधत नाही. त्याचे चित्र बदलावे लागते.

चोर प्रत्यक्षात कसा काम करतो

आपल्या कागदावर कोणा एका माणसाचे वर्णन असेल, म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून तुमचे नाव टाइप करणारा कोणी, तर त्यावर काट मारा. सामान्य माणसावर होणारे बहुसंख्य हल्ले कोणी तुम्हाला निवडून केलेले नसतात. ते प्रोग्राम करतात, एकाच वेळी लाखो पत्त्यांवर करतात, आणि जे दार उघडे सापडेल तिथे शिरतात. मासेमारीचीच उपमा द्यायची तर हा गळ टाकून बसलेला कोळी नाही, समुद्रात सोडलेले जाळे आहे. जाळ्यात लहान मासा येतो तो जाळ्याच्या वाटेत आला म्हणून येतो.

यातला सर्वांत सर्रास चालणारा प्रकार समजून घेतला तर निम्मे काम होते. एखाद्या किरकोळ संकेतस्थळावर तुम्ही कधीतरी खाते उघडलेले असते आणि ते विसरूनही गेलेले असता. त्या संकेतस्थळाचा विदासाठा, म्हणजे ग्राहकांच्या माहितीचा साठा, चोरीला जातो. त्यातले ईमेल पत्ते आणि पासवर्ड यांच्या जोड्या विकल्या जातात किंवा फुकट वाटल्या जातात. मग एक प्रोग्राम त्या जोड्या ईमेल, खरेदी, समाजमाध्यमे अशा शेकडो सेवांवर एकामागून एक लावून पाहतो. तुमचा पासवर्ड किती अवघड होता याला इथे काहीच अर्थ उरत नाही, कारण तो कोणी ओळखलेला नसून आयता मिळवलेला असतो. २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीचा विदासाठा फुटला तेव्हा सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड झाले. ते साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवलेले होते, म्हणजे ते फोडण्याचे कष्टही कोणाला घ्यावे लागले नाहीत. त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड '१२३४५६' हा होता.

आता 'माझ्याकडे नेण्यासारखे काही नाही' या वाक्याकडे या. पैसे किंवा गुपिते नसली तरी तुमच्याकडे चोराच्या उपयोगाच्या किमान चार गोष्टी असतात. तुमचे यंत्र आणि त्याची इंटरनेट जोडणी त्याला पुढचे हल्ले करण्यासाठी भाड्याने देता येते. तुमचे नाव वापरून तुमच्या ओळखीच्यांना 'अडचणीत आहे, थोडे पैसे पाठव' असा संदेश पाठवता येतो. तुमचे ईमेल खाते इतर सगळ्या खात्यांची किल्ली असते. आणि तुमचे फोटो व कागदपत्रे दुसऱ्या कोणाच्या दृष्टीने कवडीमोल असली तरी तुमच्या दृष्टीने अनमोल असतात, त्यामुळे ती कुलूपबंद करून तुमच्याकडूनच खंडणी मागता येते. या चार गोष्टी कागदावर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहून घ्या.

किल्ल्यांचा नकाशा काढा

पुढील कामाला साधारण अर्धा तास लागतो आणि माझ्या मते या संपूर्ण रीतीत ते सर्वांत महत्त्वाचे आहे. कागदाच्या मागच्या बाजूला आपली महत्त्वाची खाती वर्तुळांत लिहा. त्यात ईमेल, बँक, समाजमाध्यमे, फोटोंचा साठा, खरेदीची खाती, मोबाइल कंपनीचे खाते आणि फोनचे मुख्य खाते ही सगळी यावीत. मग प्रत्येक वर्तुळाला एकच प्रश्न विचारा: 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबले तर नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक किंवा संकेतांक कुठे येतो? ज्या ठिकाणी येतो त्या ठिकाणापासून या खात्याकडे बाण काढा.

नकाशा पूर्ण झाल्यावर जवळजवळ सगळे बाण एका ईमेल खात्यातून आणि एका मोबाइल क्रमांकातून निघालेले दिसतील. लोक बँकेचा पासवर्ड जिवापाड जपतात आणि ईमेलला मात्र जुना, सोपा, सगळीकडे वापरलेला पासवर्ड ठेवतात, कारण 'मेलमध्ये काय आहे, जाहिरातीच तर येतात' असे त्यांना वाटते. नकाशा पाहिल्यावर हे तिजोरीला भक्कम कुलूप लावून किल्ली दाराबाहेर टांगण्यासारखे आहे हे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे समाजमाध्यमावरील खाते तीनदा बळकावले गेले आणि तीनदा त्यांनी त्याच खात्याचा पासवर्ड बदलला. मूळ दुखणे ईमेल खात्यात होते. चोराने तिथे येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत स्वतःकडे वळवण्याचा नियम करून ठेवला होता, त्यामुळे नवा पासवर्ड ठरवण्याची प्रत्येक लिंक त्यालाही मिळत होती. नकाशा काढला असता तर त्यांचे कित्येक आठवड्यांचे हाल वाचले असते, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा ज्या वर्तुळातून सर्वाधिक बाण निघतात त्यापासून कामाला सुरुवात करा. ईमेल खात्याच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी तपासा. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि दुसरा ईमेल पत्ता अजून तुमच्याच ताब्यात आहेत का? मेल आपोआप पुढे पाठवण्याचा कोणताही अपरिचित नियम नाही ना? सध्या कोणकोणत्या उपकरणांवर खाते उघडे आहे? आणि कोणकोणत्या बाहेरच्या ॲपना तुम्ही कधीकाळी प्रवेशाची परवानगी देऊन ठेवली आहे? ज्याची ओळख पटत नाही ते काढून टाका. बंद केलेला जुना मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला राहिला असेल तर तो आजच बदला, कारण बंद झालेले क्रमांक काही काळाने नव्या ग्राहकांना दिले जातात.

पासवर्ड

पासवर्डच्या बाबतीत लोकांचा गोंधळ उडाला त्यात लोकांचा दोष कमी आणि सल्ला देणाऱ्यांचा जास्त आहे. एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह हवे आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला हवा, हा दंडक जगभर पसरला त्यामागे अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना होत्या. त्या सूचनांतील पासवर्डविषयीचा भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, आपल्याला त्यातील बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी संस्थेने नव्या सूचना काढल्या. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर तो ठराविक काळाने बदलायला लावू नये, चिन्हांची सक्ती करू नये, लांबीला महत्त्व द्यावे आणि पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असलेला पासवर्ड स्वीकारू नये, असे त्यांत म्हटले होते. कारण साधे आहे. दर तीन महिन्यांनी बदलायला लावले की माणूस शेवटचा अंक एकाने वाढवतो, आणि चोराच्या प्रोग्रामला ही सवय ठाऊक असते.

लांबीचे महत्त्व आकड्यांत पाहू. कीबोर्डवरील ९५ चिन्हांतून पूर्णपणे यादृच्छिक निवडलेल्या आठ चिन्हांच्या पासवर्डाच्या सुमारे ६.६ गुणिले १० चा १५ वा घात इतक्या शक्यता होतात. दुसरीकडे, फासा पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडायचा, आणि असे पाच शब्द घ्यायचे, तर शक्यता होतात सुमारे २.८ गुणिले १० चा १९ वा घात, म्हणजे आधीपेक्षा चार हजार पटींहून अधिक. आठ अर्थहीन चिन्हे आठवत नाहीत. पाच असंबद्ध शब्दांचे मात्र मनात एक विचित्र चित्र तयार होते आणि ते टिकते. शब्द फाशाने किंवा प्रोग्रामने निवडलेले असले पाहिजेत, ही अट मात्र काटेकोरपणे पाळावी. आवडत्या गाण्याची ओळ किंवा प्रसिद्ध वचन घेतले तर हा हिशेब लागू होत नाही, कारण अशा ओळीही प्रोग्रामच्या यादीत असतात.

असे लक्षात ठेवण्याचे पासवर्ड दोन किंवा तीनच असू द्यावेत: एक ईमेलचा, एक संगणकाचा आणि एक पासवर्ड मॅनेजरचा. पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड तयार करून ते कुलपात सांभाळणारे ॲप. बाकीचे सगळे पासवर्ड त्यानेच तयार करावेत आणि त्यानेच लक्षात ठेवावेत. 'सगळी अंडी एकाच टोपलीत कशी ठेवायची' ही शंका रास्त आहे आणि ती मला नेहमी विचारली जाते. उत्तर असे की तुमची अंडी आजही एकाच टोपलीत आहेत, फक्त त्या टोपलीचे नाव 'सगळीकडे तोच पासवर्ड' असे आहे आणि तिची राखण तुम्ही खाते उघडलेले प्रत्येक संकेतस्थळ करत आहे. त्यातले सर्वांत ढिसाळ संकेतस्थळ जितके सुरक्षित, तितके तुम्ही सुरक्षित. मॅनेजरचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: तो पासवर्ड संकेतस्थळाच्या नेमक्या पत्त्याशी बांधून ठेवतो. दिसायला हुबेहूब पण पत्त्यात एक अक्षर वेगळे असलेल्या बनावट पानावर तो पासवर्ड भरून देत नाही. तुमचा डोळा फसतो तिथे तो फसत नाही. म्हणून नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने भरण्याआधी थांबून पत्ता वाचावा.

पासवर्ड मॅनेजर वापरणे ज्यांना खरोखर जमणार नाही, विशेषतः वयस्कर मंडळींना, त्यांनी पासवर्ड वहीत लिहून ती वही घरात कुलपात ठेवण्यास माझी हरकत नाही. पासवर्ड लिहून ठेवू नये हा नियम कार्यालयात अनेकांच्या नजरेसमोर असणाऱ्या टेबलासाठी योग्य होता. जाळे टाकणारा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. ज्यांच्या घरातल्याच माणसाकडून त्रास आहे त्यांना मात्र हा सल्ला लागू नाही, आणि अशा व्यक्तीने आपल्या कागदावर पहिल्या प्रश्नाचे उत्तरही वेगळे लिहायला हवे.

आपला ईमेल पत्ता आजवर कोणत्या विदाचोऱ्यांमध्ये सापडला आहे हे पाहायचे असेल तर 'हॅव आय बीन पोन्ड' ही सेवा आहे, जी ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केली. तिथे पत्ता टाकून बघा. अनेकांच्या मनातले 'माझे कुठे काय फुटणार' हे चित्र त्या एका पानाने बदलते.

दुसरी पायरी

पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागण्याची सोय ईमेल आणि पैशांच्या खात्यांवर आवर्जून चालू करावी. त्यात तीन दर्जे आहेत. एसएमएसने येणारा ओटीपी हा सर्वांत दुबळा, कारण मोबाइल कंपनीला फसवून तुमचा क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवता येतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा, हे ठामपणे सांगतो. ऑथेंटिकेटर ॲपवर साधारणतः दर ३० सेकंदांनी बदलणारा संकेतांक त्याहून चांगला. पण हे दोन्ही संकेतांक माणूस स्वतःच्या हाताने बनावट पानावर टाइप करू शकतो आणि चोर ते त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकतो. ही त्रुटी पासकी या तिसऱ्या आणि सर्वांत भक्कम प्रकारात नाही. पासकीत गुप्त किल्ली तुमच्या उपकरणात किंवा तुमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये राहते आणि ती केवळ खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यावरच काम करते, त्यामुळे सांगून टाकण्यासारखे तुमच्याजवळ काही उरतच नाही. जिथे पासकीची सोय असेल तिथे ती घ्या. फोन हरवला तर उपयोगी पडणारे राखीव संकेतांक मिळतात ते छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. ही एक गोष्ट विसरल्यामुळे लोक स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतात आणि मग 'सुरक्षेपायी त्रास झाला' म्हणून सगळेच बंद करून टाकतात.

अपडेट आणि अँटिव्हायरस

गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३१ सुरक्षातज्ज्ञांना आणि २९४ सामान्य वापरकर्त्यांना एकच प्रश्न विचारला होता: सुरक्षित राहण्यासाठी तुम्ही करता त्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी कोणत्या? अपडेट करण्याचा उल्लेख ३५ टक्के तज्ज्ञांनी केला, तर सामान्यांपैकी फक्त २ टक्क्यांनी. अँटिव्हायरसच्या बाबतीत उलट झाले: सामान्यांपैकी ४२ टक्के आणि तज्ज्ञांपैकी ७ टक्के. एकाच विषयाबद्दल दोन गटांच्या मनातली चित्रे किती वेगळी असू शकतात हे या आकड्यांतून दिसते.

सामान्य माणसाच्या चित्रात अपडेट म्हणजे नवे रंग, हललेली बटणे आणि वाया गेलेला वेळ असतो. अँटिव्हायरस मात्र राखणदारासारखा दिसतो, त्याला पैसे दिलेले असतात, तो अधूनमधून हिरवी खूण दाखवतो. प्रत्यक्षात अपडेटचे मोठे काम भिंतीतली सापडलेली भोके बुजवण्याचे असते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचेही कामकाज त्याने विस्कळीत केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे विंडोजचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांची यंत्रे त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यापासून बचावली. भोकाची माहिती जाहीर होते त्या दिवसापासून चोरालाही ती मिळालेली असते, म्हणून 'नंतर' या बटणाची किंमत दिवसागणिक वाढते.

करायचे काम थोडेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि फोन या तिन्हींचे आपोआप अपडेट चालू करा. ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षा अपडेट येणे थांबले आहे त्यावर पैशांची खाती ठेवू नका. वापरात नसलेली ॲप काढून टाका. अँटिव्हायरस असू द्यावा, पण संगणकात आधीपासून असलेला पुरतो असे माझे मत आहे. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला' असे ओरडणारे ब्राउझरमधले पान हे कोणतेही अँटिव्हायरस नसते. ते पान बंद करावे आणि त्यावर दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये.

ज्या खुणांवर आपण चुकून विश्वास ठेवतो

पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह हे संकेतस्थळ प्रामाणिक असल्याचे प्रमाणपत्र आहे, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यातील संभाषण वाटेत कोणाला वाचता येत नाही. समोरचा माणूस चोर असला तर संभाषण चोराशीच, पण खासगीत चालते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज विनामूल्य मिळते, त्यामुळे बनावट पानांवरही कुलूप असते. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात केवळ ११ टक्के सहभागींना या चिन्हाचा नेमका अर्थ सांगता आला, आणि २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने संगणकावरील आवृत्तीतून ते चिन्ह काढूनच टाकले.

खासगी किंवा 'इनकॉग्निटो' खिडकीचेही असेच आहे. ती फक्त तुमच्या यंत्रावर इतिहास मागे ठेवत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी, कार्यालयाचे नेटवर्क आणि ज्या संकेतस्थळावर तुम्ही खाते उघडून बसला आहात ते, या सर्वांना तुम्ही दिसतच असता.

मेलमधील प्रेषकाचे नाव म्हणजे पाकिटाच्या मागे लिहिलेला पत्ता. ईमेलची मूळ व्यवस्था १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे आणि प्रेषक खरा आहे की नाही हे तपासण्याची सोय त्या मूळ आराखड्यात नव्हती. नंतर तपासण्या जोडल्या गेल्या, परंतु दिसणारे नाव आजही कोणालाही हवे ते ठेवता येते. फोनच्या पडद्यावर दिसणारा क्रमांकही बनावट असू शकतो.

घाई ओळखायला शिका

फसवे मेल अशुद्ध भाषेवरून ओळखता येतात, हा सल्ला आता सोडून द्यावा. यंत्राकडून निर्दोष मजकूर लिहून घेणे कोणालाही शक्य आहे आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कलही करता येते. संदेशाच्या दिसण्यापेक्षा तो तुमच्याकडून काय करवून घेऊ पाहतो याकडे लक्ष द्या. जवळजवळ प्रत्येक फसवणुकीत तीन गोष्टी एकत्र येतात: तीव्र भावना, मग ती भीती असो, लोभ असो किंवा आपल्या माणसाची काळजी, अगदी थोडी मुदत, आणि इतर कोणाशी न बोलण्याची सूचना. या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या की संदेश खरा की खोटा हे ठरवण्याच्या फंदातच पडू नका. वाट बदला. मेलमधील लिंक न उघडता संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करा, आलेला फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा, मुलाच्या आवाजात पैसे मागितले गेले तर मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर त्याला विचारा. खऱ्या संस्थेचे यात काहीही बिघडत नाही. फसवणाऱ्याचा मात्र डावच मोडतो, कारण तुम्ही त्याने आखलेल्या वाटेवरून चालत राहणे ही त्याची मुख्य गरज असते. मी हुशार आहे, मला कोणी फसवू शकत नाही, असे ज्यांच्या कागदावर लिहिलेले असेल त्यांनी ते वाक्य खोडावे. थकलेला, घाईत असलेला किंवा घाबरलेला माणूस फसतो, आणि तसे आपण सगळेच कधी ना कधी असतो.

एवढे करूनही चूक झालीच तर

क्रम महत्त्वाचा आहे. पैशांचा प्रश्न असेल तर सर्वांत आधी बँकेला कळवा, कारण तिथे मिनिटांना महत्त्व असते. नंतर स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला, सर्व उपकरणांवरून खात्यातून बाहेर पडण्याचा (लॉग-आउटचा) पर्याय निवडा आणि वर सांगितलेल्या चार गोष्टी पुन्हा तपासा. त्यानंतर नकाशावरील बाणांच्या क्रमाने पुढे जा. संदेश, पत्ते आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, काहीही पुसू नका, आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवा. तुमच्या नावाने इतरांना संदेश गेले असण्याची शक्यता असेल तर ओळखीच्यांना लगेच सांगा. लाज वाटून गप्प बसणे समजण्यासारखे आहे, पण त्या शांततेत चोराला आणखी वेळ मिळतो.

फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर उपयोगी पडतो तो फक्त बॅकअप, तोही संगणकाला सतत जोडलेला नसलेला. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांच्या वर्तुळातून आलेला जुना हिशेब घरगुती वापरालाही पुरेसा आहे. वर्षातून एकदा त्यातील एखादी फाइल परत उघडून पाहावी.

हीच रीत घरातील दुसऱ्या कोणाला शिकवायची झाली तर नियमांपासून सुरुवात करू नका. त्यांना तोच कोरा कागद द्या, तेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मधे न तोडता ऐका. मग त्यांच्याच उत्तरातले एखादे वाक्य धरून बोला, आणि उठण्याआधी त्यांच्याजवळ बसून, बटणे त्यांनाच दाबू देऊन, ईमेल खात्याची दुसरी पायरी चालू करून घ्या.